लच्चूमावशीचं पोड

लच्चूमावशीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने एका निळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं होतं आणि दुसरं दातात. ओमानमधल्या सहम गावी, आत्रामच्या घरी त्या दिवशी नवा फ्रिज आला होता. शुक्रवारची दुपार. फ्रिज एका कोपऱ्यात, त्याचं खोकं दुसऱ्या कोपऱ्यात आणि मधे फरशीवर ही सत्तरीची बाई खोक्याला आवळलेल्या पट्ट्या सोडवून वितीने मोजत बसलेली. नव्या फ्रिजकडे तिने वळूनही पाहिलं नव्हतं.

"ह्या पट्ट्या कोन फेकते?" तिने मला विचारलं. नाव नाही, गाव नाही, सरळ हेच.

मी सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. आलेल्या मालाची खोकी फोडायची आणि पट्ट्या भंगारात टाकायच्या, हे माझ्याच खात्यातलं काम. "आम्हीच फेकतो, मावशी," मी म्हटलं. "रोज एक पोतं भरतं."

तिने पट्टी दातातून काढली आणि घरातलं धान्य सांडणाऱ्या सुनेकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. "आन मंग भाजी कायच्यात आनता?"

"पिशवीत."

"पिशवीत," ती म्हणाली आणि पट्टी पुन्हा दातात धरली. पुढच्या शुक्रवारी मी पोतंभर पट्ट्या घेऊन तिच्या दारात उभा होतो. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. आखातात बावीस वर्षं काढली की माणूस कुणी काही मागितलं तर आधी नाही म्हणायला शिकतो. तिने तर काही मागितलंही नव्हतं.

माणिक आत्राम आमच्याच कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअर, लच्चूमावशी त्याची आई. माणसं कोलाम, यवतमाळ जिल्ह्यातली. कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. तिचं पोड माझ्या गावापासून जेमतेम तीन कोसांवर होतं, हे आम्हाला समुद्र ओलांडून आल्यावर कळलं. लहानपणी मंगळवारच्या बाजारात कोलाम बाया डोक्यावर टोपल्यांची चळत घेऊन टेकडीवरून उतरत. आई त्यांच्याकडून सुपं घ्यायची. आम्हा बौद्धवाड्यातल्या लोकांना गावात कुणी जवळ करत नसे, ते आम्हाला फार लागायचं. पण ह्या बायांच्या पोडावर कधी जाऊन यावं असं आमच्यातही कुणाला वाटलं नाही. मी मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नाई आला तं नाई आला. वाट चढाची हाय." ती 'आहे' म्हणाली. वाट, चढ आणि टेकडी सगळं जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.

पोडाखाली कोळसा निघाला होता. खाण आली, घरं उठली, बांबूचं रान गेलं आणि त्या जागी एवढा मोठा खड्डा झाला, की तळातला ट्रक वरून काडेपेटीएवढा दिसतो, असं माणिक सांगायचा. बदल्यात माळावर रांगेत बांधलेली घरं मिळाली, प्रत्येकाच्या दारावर नंबर. माझा तर धंदाच वस्तूंना नंबर टाकून फळीवर ठेवण्याचा. तरी ते ऐकताना मला बरं वाटलं नाही. मावशीचा नवरा खाण यायच्या आधीच वारला होता. ती एकटी त्या नंबरात राहिली आणि शेवटी माणिक तिला इकडे घेऊन आला. "पोरगा विमानानं घिऊन आला," ती म्हणायची, "पन मी अजून वाटंतच हाये."

तिची विणायची एक रीत होती. आधी बूड. चार पट्ट्या उभ्या, चार आडव्या, त्यांवर गुडघा दाबून बसायचं आणि मग गोल गोल बाहेर जायचं. "बुडापासून पाहाय," हे तिचं पालुपद. माणिक कामावरच्या कटकटी सांगू लागला, की ती म्हणे, "वरतून कायले सांगतं? बुडापासून सांग." शेवटी काठ बांधायचा. काठ बांधल्याशिवाय ती टोपलं हातचं सोडायची नाही. एका शेजारणीला घाई होती, तिने आहे तसंच मागितलं. मावशी म्हणाली, "काठ नाई बांधला, माय. उसवन ना थे." शेजारीण दोन दिवसांनी आली. वर्षभरात सहमपासून सोहारपर्यंत आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरात एक निळं टोपलं झालं. कुणी त्यात कांदे ठेवी, कुणी धुवायचे कपडे.

घरमालक म्हातारा ओमानी होता, खजुराची बाग राखून असलेला. सगळे त्याला अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत. त्याने तिचं काम पाहिलं आणि एक दिवस खजुराच्या पातींची मोळीच आणून टाकली. त्याची आई ह्याच पातींच्या चटया विणायची म्हणे. मावशीने पाती भिजवल्या, एक टोपली केली आणि बाजूला ठेवून दिली. "हे वाकते, पन ऐकत नाई," तिने निकाल दिला. मी तो हिंदीत सांगितला. अर्बाब बराच वेळ हसला आणि म्हणाला, "मेरा माँ भी मेरे को यही बोलता था." तेव्हापासून तो येता-जाता तिला सलाम करी आणि ती त्याला रामराम.

मग बोटं गेली. आधी सकाळी आखडायची, नंतर दिवसभर. सोहारच्या डॉक्टरने सांगितलं, विणणं बंद. तिने आठ दिवस ऐकलं नाही, नवव्या दिवशी पट्टी हातातून सुटून गालावर बसली आणि ओरखडा उठला. त्यानंतर तिने पोतं दाराबाहेर ठेवून दिलं. मी शुक्रवारी गेलो, की ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. एसीची घरघर, बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि कुणाला कुणाशी बोलायचा उत्साह नाही. माझं कुटुंब नागपूरला. आठवड्याची एक सुट्टी मी त्या घरात चहा पिऊन घालवायचो आणि तिच्या पाठीकडे पाहत बसायचो. खरं सांगायचं तर मलाही त्या दिवसांत भिंतीकडे तोंड करून पडावंसंच वाटत होतं. "हात रिकामे झाले का मानूस वझं होते," ती एकदा म्हणाली. मी चहाचा कप आत ठेवून आलो.

तिला उठवलं ते नातीच्या गृहपाठाने. रिया नऊ वर्षांची. शाळेत सगळं इंग्रजी, घरी आईबापाशी अर्धं हिंदी. मराठी ती चिखलातून चालल्यासारखी बोलायची, एकेक पाऊल बघून. शाळेने 'आपलं गाव' काढून आणायला सांगितलं होतं. तिने काढलं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, एक नदी, एक लाल कौलांचं घर. कागद घेऊन ती आजीच्या पाठीशी गेली. "आजी, बघ. आपला गाव."

मावशी वळली. कागद तिने बराच वेळ पाहिला.

"हे कोनाचं गाव हाय?"

"आपला ना."

"आपलं नाई हे," मावशी म्हणाली आणि उठून बसली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच कुणी हात न देता उठली होती. फ्रिजचं ते जुनं खोकं अजून बाल्कनीत होतं. तिने ते फाडून फरशीवर पसरलं, रियाचा जाड मार्कर अख्ख्या मुठीत धरला, कारण बोटांत धरता येत नव्हता, आणि मधोमध चार उभ्या, चार आडव्या रेघा मारल्या.

"आजी, हे काय?"

"बूड. इथं आमची चावडी. इथून निंगाचं."

"पण डोंगर टॉपला पाहिजे. टीचरने सांगितलं."

"डोंगर टापले कायले चढन? तो बाजूले हाय. इकडे." आणि तिने चावडीच्या उजव्या अंगाला एक मोठा गोल फिरवला. रिया तिच्या शेजारी पोटावर पालथी पडली आणि विचारू लागली, पुढे काय, पुढे काय. शाळेत कोणता कागद गेला ते मला माहीत नाही.

त्यानंतर माझं पोतं पुन्हा सुरू झालं, फक्त आता त्यात पट्ट्यांऐवजी इतर गोष्टी असत. मोठ्या मोटारींच्या पॅकिंगमधलं दुहेरी जाडीचं पुठ्ठ्याचं एक अखंड पान मी तिला आणून दिलं, जवळपास चटईएवढं. रंग स्टोअरमधलेच, पाइपांना लावून डब्याच्या तळाशी उरलेले. आमच्याकडे पाण्याच्या पाइपाला हिरवा, आगीच्या पाइपाला लाल, गॅसला पिवळा. मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. नाला हिरवा काढतो मंग. उनायात तसाच दिसे." काडीला चिंधी गुंडाळून, मूठ वळून ती रंग लावायची. डाव्या हाताने उजवं मनगट धरून. एक घर झालं, की दहा मिनिटं हात मांडीवर टाकून गप्प बसायची.

सहा महिने ती ते एकच चित्र काढत होती. टोपलं विणावं तसं, मधून बाहेर, स्वतः चित्राभोवती सरकत. त्यामुळे त्याला वरची बाजू नव्हती, खालची नव्हती. एकेक घर, त्यासमोरचा बाज टाकायचा ओटा, मोहाची झाडं, पाणवठा, बांबूचं रान. अर्बाब भाडं वाढवायचं सांगायला म्हणून आला होता, तो चपला काढून चक्क तिच्यासमोर फरशीवर बसला. त्याने एकच विचारलं, "पानी किदर?" तिला तेवढं हिंदी समजत होतं. तिने चिंधीच्या काडीने नाला दाखवला, उगमापासून. त्याने मान डोलावली आणि भाड्याचं न बोलताच गेला.

हे सगळं कशासाठी, ते तिने मला स्पष्ट सांगितलं होतं. "उद्या ह्या पोरीले कोनी इचारलं, का तू कोठची, तं ही काय सांगन? सहमची? फोटूतली? तिले चालता आलं पायजे." म्हणून दर शुक्रवारी परीक्षा असे. रियाने बोट चावडीवर ठेवायचं आणि चालत सुटायचं. "इथे भीमाकाकाचं घर. इथे मोह. इथे... आजी, इथे काय?" "खेकडे," मावशी सांगे. चुकली, की पुन्हा बुडापासून. मावशीचा व्हिसा संपत आला होता, खोकला वाढला होता आणि पुन्हा इकडे येणं होईल असं घरात कुणीच धरून चालत नव्हतं. काठ तेवढा राहिला होता.

आता माझी करणी सांगतो. मस्कतला मदिनत सुलतान काबूस ह्या वस्तीत इथल्या मराठी लोकांचा एक स्नेहमेळावा होता, आणि त्यात घरच्या घरी केलेल्या कलावस्तू मांडायच्या होत्या. मावशीचं चित्र तिथे लागावं हे माझं डोकं. माणिक भिडेखातर हो म्हणाला. मावशी म्हणाली, "लोकायले दाखवून काय करतं? त्यायले तिथी जायाचं हाय का?" तरी मी चित्र स्टोअरमध्ये घेऊन आलो. मांडणाऱ्यांनी मला चौकट दिली होती, ठरलेल्या मापाची. चित्र एका बाजूने वीतभर जास्त भरत होतं. त्या वीतभर जागेत मातकट रंगाच्या काही आडव्या आखूड रेघा होत्या, बाकी कोरं. मला वाटलं, तिने तिथे काडी पुसली असणार. मी स्टीलची पट्टी लावली, खोकी फोडायचं पातं घेतलं आणि एका दमात सरळ कापलं. कडेला एक धागा निघाला नाही. मला स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

हॉलमध्ये चित्र भिंतीवर टांगलेलं होतं. लोक येत, मान तिरकी करत, "वारली का?" असं विचारून पुढे जात. माणिकने दोन-तीनदा "नाही, आम्ही कोलाम" असं सांगितलं, मग सोडून दिलं. मावशी रियाचा हात धरून समोर उभी राहिली. टांगलेलं पोड तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग जवळ जाऊन चौकटीच्या एका बाजूवरून तळवा फिरवला.

"इकडचा काठ कोठं हाय?"

तिच्याशी बोलताना माझीही भाषा गावाला जायची. "मावशी, नाई बसत होतं ना त्याच्यात. थोडंसं कापलं. तिथी काई नोतं."

ती चौकटीवरचा हात न काढता म्हणाली, "तिथी ह्या पोरीचा आजा होता. माहा बाप होता. आमची माती दिल्याली मानसं हायत तिथी." मग आवाज न चढवता, "खानीच्या ताराभाईर तेवढंच उरलं हाय, बाप्पा. बाकी सारं गेलं. जे हाय, थेच तू कापलं."

परतीच्या अडीच तासांत गाडीत कुणी गाणं लावलं नाही. रिया आजीच्या मांडीवर झोपली. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी मी स्टोअरच्या मागच्या भंगारात हात घालून उभा होतो. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या बिहारी भाईने विचारलं, क्या ढूँढ रहे हो. पुठ्ठ्याची एक पट्टी, मी म्हटलं. "वो तो परसों ही दब के चला गया. खलास." सगळा पुठ्ठा यंत्रात दाबून, गठ्ठे बांधून रवाना झाला होता. गठ्ठ्यांच्या पावतीवर सही माझीच होती.

मी तिला नवं पान आणून देतो म्हणालो, पट्टी जोडून देतो म्हणालो. तिने नको सांगितलं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती फक्त थकली होती. मला चौकट काढायला लावली आणि चित्र पुन्हा फरशीवर पसरून घेतलं. मग म्हणाली, "तुहं गाव कोन्या आंगाले, सांग."

मी बोटाने दाखवलं, पलीकडच्या बाजूला, जिथे टेकडी उतरते. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि उरलेल्या काठावर एक ठिपका दिला. त्या ठिपक्यापासून टेकडीपर्यंत एक वाटही काढली. "आता तं येशीन," ती म्हणाली. मी बाथरूमचं निमित्त करून उठलो आणि नळ सोडून बराच वेळ आत उभा राहिलो.

मे महिन्यात ती गावी परत गेली. विमानतळावर तिने निळं टोपलं हातातून सोडलं नाही, त्यात औषधं होती. ऑगस्टमध्ये त्या नंबराच्या घरात तिला शेवटचा खोकला आला. माणिक पोचला तेव्हा लोक त्याच्यासाठी थांबलेले होते. खाणीच्या तारेला वळसा घालून, चिखलातून, तिला नवऱ्याशेजारी माती दिली. परतल्यावर माणिक कामावर रुजू झाला, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघेही आपापल्या कामाला लागलो. इथे दुःखाला तेवढीच सवड असते.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी त्यांच्याकडे गेलो. चित्र फरशीवरच होतं. त्या घरात ते आता तसंच असतं, माणसं कडेने जातात. रिया गुडघ्यांवर बसून चालत होती. बोट चावडीवरून निघालं, भीमाकाकाचं घर, मोह, पाणवठा. "इथे खेकडे," ती स्वतःशीच म्हणाली. नाला ओलांडून बोट कापलेल्या कडेशी आलं. माझ्या पात्याची ती सरळ कड. मला वाटलं, आता थांबेल.

ती थांबली नाही. बोट पुठ्ठ्यावरून खाली उतरलं आणि पांढऱ्या फरशीवरून तसंच पुढे निघालं.

"इथे आजा," ती म्हणाली. "इथे आजीचे बाबा." मग बोट जरा डावीकडे सरकलं आणि माझ्या पायाशी येऊन टेकलं. तिने वर पाहिलं.

"काका, पाय काढा. तिथे आजी आहे."

मी पाय काढला.